डीव्हीएम झाल्यावर कामाला एकच वर्ष? व्हेटरिनरीच्या परदेशी मुलांनाही स्टेम एक्स्टेन्शन मिळायला हवं

मीरा_ओहायो
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. माझी मुलगी इथे डीव्हीएमच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीच्या डिग्रीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा ती बालवाडीत होती, एच-४ वर, म्हणजे नोकरीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, वाढली, आमच्या ग्रीन कार्डचा नंबर काही लागला नाही आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली तसं तिला एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, जावं लागलं. म्हणजे शाळा इथली, मित्रमैत्रिणी इथल्या, पण कागदोपत्री आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी. २०२७ च्या मे महिन्यात पास होईल.

तिला मोठ्या जनावरांचं काम करायचंय, डेअरी. सुट्टीत एका गावातल्या प्रॅक्टिसमध्ये जाते. दोनच डॉक्टर आहेत तिथे, त्यातले एक सत्तरीकडे झुकलेले. मागच्या हिवाळ्यात रात्री दोन वाजता गाय अडली म्हणून फोन आला, वासराची मान मागे वळलेली होती, हिने खांद्यापर्यंत हात घालून ती सरळ केली आणि म्हातारे डॉक्टर नुसते बाजूला उभं राहून सांगत होते. वासरू जगलं. सकाळी त्यांनी हिला सांगितलं की पास झालीस की इथेच ये. पण मग व्हिसाचा विषय निघाला आणि गाडी अडली. कारण हिला ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काम करायची परवानगी, मिळणार बारा महिने. ते म्हणाले नव्या मुलीला परिसरातले सगळे गोठे माहीत होऊन एकटीने रात्रीचे कॉल घ्यायला लागेपर्यंतच वर्ष जातं, आणि तेव्हाच तू जाणार असशील तर मी काय करू.

हिची रूममेट इंजिनिअरिंगला आहे, तिला तीन वर्षं. ॲनिमल सायन्समध्ये मास्टर्स करणाऱ्या मित्राला पण तीन वर्षं. आणि जी मुलगी चार वर्षं फार्माकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, सर्जरी सगळं शिकली तिला एक वर्ष, हे मला कुणी समजावून सांगेल का? आणि काही करता येण्यासारखं आहे का?

परभणीकर_पॅथॉलॉजिस्ट
मीराताई, तुम्ही अगदी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. जरा सविस्तर लिहितो.

मुलीच्या आय-२० च्या, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मच्या, पहिल्या पानावर तिचा विषय आणि त्याच्यापुढे कोड असतो, त्याला सीआयपी कोड म्हणतात. सगळा खेळ त्या आकड्यावर आहे. होमलँड सिक्युरिटी खात्याची स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या, विषयांची एक यादी आहे, तुमचा कोड त्या यादीत असेल तर बारा महिन्यांवर आणखी २४ महिने, नसेल तर नाही. डिग्री किती अवघड, कामाची किती गरज, हे कुणी बघत नाही. पूर्वी हे एक्स्टेन्शन १७ महिन्यांचं होतं, २००८ पासून, मग २०१६ मध्ये २४ झालं.

आता इंजिनिअरिंग, जीवशास्त्र, गणित आणि भौतिक विज्ञानं, या चार शाखा सरसकट स्टेम धरल्या जातात. बाकी शाखांतला एकेक विषय वेचून घेतला जातो. व्हेटरिनरी पूर्वी आरोग्याच्या शाखेत होतं, २०२० च्या नव्या वर्गीकरणात ते शेतीच्या शाखेत गेलं, म्हणजे दोन्हीकडे सरसकट नाहीच. वेचून घेताना ॲनिमल सायन्स, डेअरी सायन्स, पोल्ट्री सायन्स घेतले, व्हेटरिनरी पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, टॉक्सिकॉलॉजी हे संशोधनाचे विषय घेतले, आणि जी मूळ डॉक्टरकीची डिग्री ती मात्र राहिली. २०२२ च्या जानेवारीत २२ विषय वाढवले, २०२३ मध्ये ८, २०२४ मध्ये एकच आणि तो पर्यावरणाच्या अर्थशास्त्राचा. प्रत्येक वेळी आमच्या ग्रुपवर लोक यादी उघडून बघायचे आणि डीव्हीएम नसायचं.

मी स्वतः परभणीहून बीव्हीएससी, म्हणजे आपल्याकडची व्हेटरिनरीची डिग्री, करून आलो आणि इथे पॅथॉलॉजीत पीएचडी केली म्हणून मला स्टेम मिळालं. त्या जोरावर एका राज्याच्या डायग्नोस्टिक लॅबमध्ये लागलो. २०२४ च्या मार्चमध्ये टेक्सास आणि कॅन्ससच्या गाईंमध्ये बर्ड फ्लू सापडला हे सगळ्यांनी बातम्यांत वाचलं असेल. एप्रिलअखेरीस हुकूम निघाला की दुभती गाय राज्याबाहेर न्यायची तर आधी टेस्ट करायची, आणि मग आमच्याकडे दुधाच्या नळ्यांचे खोकेच्या खोके यायला लागले. आजारी गाईचं दूध मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्याकडच्या चिकासारखं दिसलं, घट्ट, पिवळट, आणि ते पिपेटमध्ये नीट चढेना. रात्रपाळ्या लावून आम्ही ते काम उपसलं. त्या खोलीत मी धरून कितीतरी जण ओपीटीवर होते. पण नळ्या भरून पाठवणारा गोठ्यावरचा डॉक्टर पण लागतोच ना? गाय आजारी आहे हे आधी त्याला दिसतं, लॅबला नंतर. लॅबवाल्याला तीन वर्षं आणि गोठ्यावाल्याला एक, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

शिरवळकर
फार माहितीपूर्ण प्रतिसाद दादा. मी शिरवळला शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या बॅचमधले चार-पाच जण अमेरिकेचं बघतायत. बीव्हीएससी झाल्यावर तिकडे थेट प्रॅक्टिस करता येत नाही ना? मग एमएस करण्यात अर्थ आहे का?

परभणीकर_पॅथॉलॉजिस्ट
@शिरवळकर, थेट नाही. भारतातलं एकही कॉलेज एव्हीएमएच्या, म्हणजे इथल्या व्हेटरिनरी संघटनेच्या, मान्यतेत नाही, त्यामुळे परदेशी डिग्री तपासणाऱ्या ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह यातला एक मार्ग धरावा लागतो, वर नॅव्हली ही लायसन्सची परीक्षा आणि राज्याचं लायसन्स. ईसीएफव्हीजीच्या शेवटच्या टप्प्यात सलग तीन दिवस प्रत्यक्ष हाताने काम करून दाखवायचं असतं, भूल, सर्जरी, घोडा, गाय, एक्स-रे, शवविच्छेदन, सगळं. तारीख मिळायलाच वेळ लागतो आणि खर्च पण भरपूर आहे.

म्हणून एमएस करायचीच तर विषय यादीतला आहे का हे ॲडमिशन घ्यायच्या आधी त्या युनिव्हर्सिटीला ईमेल करून विचारून घे. नावावर जाऊ नकोस, एकाच नावाची डिग्री दोन युनिव्हर्सिट्यांत दोन वेगळ्या कोडखाली असू शकते. यादीतली असेल तर पास झाल्यावर लॅबमध्ये नोकरी करता करता तीन वर्षांत परीक्षा काढता येतात. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी असंच केलंय.

तात्या_न्यूजर्सी
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. ओपीटी म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून दिलेलं ट्रेनिंग. ते वाढवत वाढवत तीन वर्षांचा वर्क परमिट करून ठेवलाय. इथली मुलं डोक्यावर प्रचंड कर्ज घेऊन डीव्हीएम होतात, त्यांच्याच जागांवर तुम्ही स्वस्तातली माणसं बसवणार. ओपीटीवाल्याचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा पैसा मालकाला भरावा लागत नाही, ७.६५ टक्के तिथेच वाचतात, मग तो कुणाला घेईल? शिवाय एमडीवाल्यांना, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांना, तरी कुठे स्टेम आहे. आणि आत्ताचं वातावरण बघा, यूएससीआयएसच्या, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या, संचालकांनी नेमणुकीआधी सिनेटसमोर सरळ सांगितलं होतं की पदवीनंतरची ही कामाची परवानगीच काढायला हवी. अशा वेळी वाढवा म्हणून मागणी करणं म्हणजे आहे ते पण घालवून बसणं.

कोलोराडोकर
तात्या, राग नाही, पण दोन-तीन गोष्टी बोलायलाच हव्यात. मी स्वतः डीव्हीएम करून आता रेसिडेन्सीत आहे.

स्वस्तातल्या माणसांचं म्हणाल तर, ती सोशल सिक्युरिटीची सूट एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षंच असते. डीव्हीएम चार वर्षांचं, त्याआधी बहुतेकांनी इथेच अंडरग्रॅड केलेलं असतं, म्हणजे डॉक्टर होईपर्यंत ती सूट संपलेली असते. माझ्या इंटर्नशिपच्या पहिल्या पगारातून सगळं कापलं गेलं आणि हॉस्पिटलनेही त्यांचा वाटा भरला. आणि स्टेममध्ये तर आय-९८३ फॉर्मवर मालकाला सही करून द्यावी लागते की पगार तशाच कामावरच्या इथल्या माणसाइतका आहे आणि याच्यासाठी कुणाला काढलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या साध्या ओपीटीला ही अट नाहीये! म्हणजे इथल्या मुलांच्या पगाराची काळजी असेल तर स्टेम जास्त कडक आहे.

एमडीचं म्हणाल तर त्यांना जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसाची वेगळी वाट आहे, आणि खेड्यात काम केलं तर कॉनराड ३० नावाच्या योजनेखाली प्रत्येक राज्य दरवर्षी ३० डॉक्टरांना मायदेशी परतायच्या अटीतून सूट मिळवून देऊ शकतं. जनावरांच्या डॉक्टरांना असलं काहीच नाही. त्यांच्याकडे नाही म्हणून आपल्याकडे नको हे कसं, त्यांच्याकडे दुसरं काहीतरी आहे.

मीराताई, तुमच्या मुलीच्या वर्गात पुढच्या वर्षी सगळे मॅचच्या, म्हणजे इंटर्नशिपच्या जागा वाटण्याच्या, मागे लागतील, तिला पण विचार करू दे. मार्चमध्ये निकाल, जूनच्या मध्यापासून इंटर्नशिप, ती बरोबर वर्षाची. म्हणजे ओपीटी आणि इंटर्नशिप एकदमच संपतात, श्वास घ्यायलाही जागा नाही. पुढे युनिव्हर्सिटीत रेसिडेन्सी मिळाली तर युनिव्हर्सिटीला एच-१बी ची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, लॉटरी लागू नाही, वर्षात कधीही अर्ज करता येतो, माझं असंच जमलं. पण हा मार्ग स्पेशालिस्ट होणाऱ्यांचा झाला. जिला गावात जाऊन गाई तपासायच्यात तिने काय करायचं? आत्ताच्या नियमांनी परदेशी मुलं मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांकडे आणि युनिव्हर्सिट्यांकडे ढकलली जातात, कारण वकील आणि एच-१बी त्यांनाच परवडतं. आणि डॉक्टर कमी कुठे आहेत, तर खेड्यात. माझ्या बॅचमधल्या परदेशी मुलांपैकी मोठ्या जनावरांत जायचं म्हणणारे सगळे शेवटी कुत्र्यामांजरांच्या हॉस्पिटलात गेले, मनाविरुद्ध.

तात्या_न्यूजर्सी
पाच वर्षांचा मुद्दा मला माहीत नव्हता, मान्य. तरी पण ट्रेनिंगच्या नावाखाली तीन वर्षं हे मला पटत नाही. गरज आहे तर खेड्यातल्या डॉक्टरांसाठी वेगळा व्हिसा काढा ना सरळ.

कोलोराडोकर
काढला तर उत्तमच, पण त्याला काँग्रेस लागते. यादीत विषय घालायला फक्त खात्याने ठरवायचंय. आणि ट्रेनिंगचं म्हणाल तर तात्या, पास झालेल्या डॉक्टरला पहिल्या वर्षी एकटीने काय काय येतं ते एकदा बघा. मायांग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर आलेली गाय, बर्फात, मालक बॅटरी धरून उभा. ते कॉलेजात एखाद वेळा दिसतं. शिकायला दोन-तीन हिवाळे जातातच.

कागदपत्रवाली
मी इमिग्रेशनच्या ऑफिसात काम करते, वकील नाही, त्यामुळे शेवटचा सल्ला वकिलाचाच घ्या. पण धाग्यावर काही गोष्टी सुटल्यात त्या लिहिते.

मीराताई, खरा फरक लॉटरीत पडतो. मुलगी मे २०२७ ला पास, समजा जून २०२७ ते जून २०२८ ओपीटी. एच-१बी चं रजिस्ट्रेशन दर मार्चमध्ये. म्हणजे साध्या ओपीटीत २०२८ चा मार्च हाच एक मार्च. स्टेम असतं तर २०२८, २०२९, २०३० असे तीन. ८५ हजार जागा, त्यातल्या २० हजार इथल्या मास्टर्स किंवा वरच्या डिग्रीवाल्यांना, आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. एका फटक्यावर सगळं आयुष्य टांगलेलं.

पण त्यात एक फट आहे. प्रॅक्टिसने आधीच ऑफर दिली असेल तर २०२७ च्या मार्चमध्येच, म्हणजे ती शिकत असतानाच, रजिस्ट्रेशन करता येतं. नंबर लागला तर पूर्ण अर्ज भरायला जूनअखेरपर्यंत मुदत असते, तोपर्यंत डिग्री हातात पडलेली असायला हवी आणि मे महिन्यात ती पडते. लायसन्सचं त्या राज्यात काय लागतं ते वकिलाला आधी विचारा. म्हणजे एकाऐवजी दोन मार्च मिळतात. बरीच मुलं हे पास झाल्यावर विचारायला येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरं, ओपीटी संपायच्या आधी एच-१बी चा अर्ज दाखल झाला असेल तर कॅप-गॅपमध्ये काम चालू ठेवता येतं. जानेवारी २०२५ पासून ती मुदत पुढच्या १ एप्रिलपर्यंत वाढलीय, आधी १ ऑक्टोबर होती.

तिसरं, ते १ लाख डॉलरचं प्रकरण. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतली ती फी देशाबाहेर असलेल्या माणसासाठी नवीन अर्ज केला तर आहे. इथेच राहून एफ-१ वरून एच-१बी वर स्टेटस बदललं तर नाही, असं यूएससीआयएसने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. म्हणजे आता इथे कायदेशीर राहून काम करता येणारा प्रत्येक महिना आधीपेक्षा जास्त मोलाचा झालाय. एकदा मुलगी बाहेर गेली की दोन डॉक्टरांची प्रॅक्टिस तिच्यासाठी लाख डॉलर कुठून भरणार?

चौथं, हे फार लोकांना माहीत नसतं. आत्ताची डिग्री स्टेम नसली तरी मागच्या दहा वर्षांत इथेच घेतलेली दुसरी डिग्री स्टेम असेल आणि तिच्यावर आधी एक्स्टेन्शन घेतलेलं नसेल, तर ती वापरता येते. अट अशी की नोकरीचा त्या जुन्या डिग्रीशी थेट संबंध हवा. तुमच्या मुलीचं अंडरग्रॅड कशात आहे?

मीरा_ओहायो
अगं बाई!! ॲनिमल सायन्समध्येच आहे, इथल्याच युनिव्हर्सिटीचं, २०२३ मध्ये झालं. लगेच डीव्हीएमला गेली म्हणून त्यावर ओपीटी घेतलीच नाही. हे आम्हाला आजवर कुणीच सांगितलं नाही. दोनदा आंतरराष्ट्रीय ऑफिसात जाऊन आलो, दोन्ही वेळा डीव्हीएम स्टेममध्ये नाही एवढंच ऐकून परत आलो. डेअरीच्या कामाचा ॲनिमल सायन्सशी संबंध धरतील ना? आणि ती प्रॅक्टिस अगदी लहान आहे, त्यांना काही वेगळं करावं लागेल का?

कागदपत्रवाली
२०२३ म्हणजे दहा वर्षांच्या आत आहे. आता डीव्हीएमच्या ओपीटीवर असताना त्या बॅचलर्सच्या जोरावर २४ महिने मागायचे. आधी डीएसओकडून, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑफिसातल्या अधिकाऱ्याकडून, दोन गोष्टी लेखी घ्या, त्या डिग्रीचा कोड आज यादीत आहे का आणि युनिव्हर्सिटीची मान्यता चालू आहे का. संबंध दाखवायचं काम आय-९८३ मध्ये होतं. तिथे नुसतं जनावरांवर उपचार असं लिहिलं तर अडेल. कळपाचं पुनरुत्पादन, दुधाच्या नोंदी, खाद्य, दगडीचं, म्हणजे कासेच्या आजाराचं, प्रमाण कमी करणं, वासरांची मरतूक, हे सगळं डेअरीच्या डॉक्टरचं रोजचंच काम आहे आणि ॲनिमल सायन्सच्या अभ्यासक्रमात बसतं. अभ्यासक्रमातले विषय नावानिशी घाला. खोटं काही लिहायचं नाही, जे ती खरंच करणार तेच नीट मांडायचं. निर्णय शेवटी डीएसओ आणि यूएससीआयएसचा.

प्रॅक्टिसला ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत, नाव नोंदवावं लागेल. फुकट आहे, ऑनलाइन होतं. लहान गावातले मालक नाव ऐकूनच घाबरतात, तर मुलीने स्वतः शेजारी बसून करून घ्यावं. आठवड्याला किमान २० तास, पगारी काम, स्टेममध्ये फुकटचं व्हॉलंटियरिंग चालत नाही.

परभणीकर_पॅथॉलॉजिस्ट
वा, हे झालं तर फार आनंद होईल. पण ज्या मुलांचं अंडरग्रॅड इंग्रजी साहित्यात किंवा सायकॉलॉजीच्या भलत्या कोडमध्ये किंवा भारतात झालंय त्यांचा प्रश्न तसाच राहतो, म्हणून मागणी सोडू नये असं मला वाटतं. तात्यांनी म्हटलं की मागणी केली तर आहे ते पण जाईल. मला उलट वाटतं. ओपीटीवर कोर्टात केस झाली, डी.सी. सर्किटच्या अपील कोर्टाने २०२२ मध्ये ती कायदेशीर ठरवली, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला. आता जे काही होईल ते नियम बदलून होईल, आणि नियम बदलताना लोकांची मतं मागवावी लागतात. तेव्हा इंजिनिअरिंगवाले बोलतील, त्यांच्या कंपन्या बोलतील. गोठ्यांच्या बाजूने कोण बोलणार? जो डेअरीवाला रात्री दोनला फोन करतो त्याचं एक पत्र आपल्या शंभर पत्रांपेक्षा जड आहे.

यादीत विषय सुचवायची सोय आहे, खात्याकडे नामांकन पाठवता येतं, सोबत तो विषय स्टेम का याचा पुरावा जोडायचा. एकट्यादुकट्याने पाठवण्यापेक्षा कॉलेजच्या डीनकडून गेलं तर वजन पडतं. पत्रात भावनेचं कमी आणि अभ्यासक्रमाचं जास्त लिहा. डीव्हीएमच्या पहिल्या दोन वर्षांतले विषय आणि यादीत असलेल्या व्हेटरिनरी मायक्रोबायॉलॉजी, पॅथॉलॉजीच्या मास्टर्सचे विषय शेजारी शेजारी ठेवा, बऱ्याचदा शिकवणारे प्रोफेसर पण तेच असतात. माझ्याकडे जुना मसुदा आहे, हवा त्याने विपू करा, म्हणजे माझ्या विचारपुशीत निरोप टाका.

नवीन_डॉक्टरीण
दादा मला हवाय मसुदा. मी मिडवेस्टमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे, बीव्हीएससी मुंबईहून, परळ. इथे पुन्हा पहिल्यापासून डीव्हीएम करतेय, त्यामुळे इथली जुनी डिग्री नाहीच. एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थचं मास्टर्स, जोडीने करता येतं आमच्याकडे, त्याचा उपयोग होईल का?

कागदपत्रवाली
@नवीन_डॉक्टरीण, एमपीएच कुठल्या कोडखाली आहे त्यावर आहे. एपिडेमिऑलॉजी जीवशास्त्राच्या शाखेत येतं, ते स्टेम धरतात. नुसतं पब्लिक हेल्थ असेल तर आधी विचारून घे. आणि मग नोकरी पण रोगनियंत्रणाच्या कामाची हवी, राज्याचं पशुआरोग्य खातं, लॅब, अशी. दवाखान्यात लसी देण्याच्या नोकरीला एपिडेमिऑलॉजीची डिग्री जोडता येणार नाही.

तात्या_न्यूजर्सी
मीराताई, माझा विरोध धोरणाला आहे, तुमच्या मुलीला नाही. ओहायोच्या बाजूला माझा एक जुना सहकारी डेअरी कोऑपरेटिव्हमध्ये आहे. त्या परिसरातल्या शेतकऱ्यांची पत्रं हवी असतील तर मी बोलतो त्याच्याशी.

मीरा_ओहायो
तात्या, मनापासून आभार, विपू करते. मुलीला धागा वाचायला दिला, तिला मराठी वाचता येतं पण हळू, तर बसून मीच वाचून दाखवला. ती उद्याच डीएसओची वेळ घेतेय, दोन्ही प्रश्न लिहून नेणार आहे. डॉक्टरांना ई-व्हेरिफायचं पण तीच सांगणार. एकच विचारायचं राहिलं, ओपीटीचा अर्ज नक्की कधी करायचा?

कागदपत्रवाली
प्रोग्रॅम संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत. मे २०२७ धरलं तर फेब्रुवारीतच आय-७६५ हा अर्ज भरून टाका, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. स्टेमचा अर्ज मात्र ओपीटी संपायच्या आधीच्या ९० दिवसांत, म्हणजे २०२८ च्या मार्चपासून, आणि तो ओपीटी संपायच्या आत पोचायलाच हवा, नंतर सवलतीचे दिवस नाहीत. वेळेत पोचला तर निकाल येईपर्यंत १८० दिवस काम चालू ठेवता येतं. मधल्या काळात बिनकामाचे दिवस ९० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून सुरुवातीची तारीख लायसन्स हातात कधी येणार ते बघून निवडा. आणि डीएसओ काय म्हणाले ते इथे नक्की लिहा, बाकीच्यांनाही उपयोग होईल.